न्यायासनासमोरचे कुटुंब : ‘पराशक्ती’ आणि कण्णगीचा वारसा

१

एका स्त्रीवर स्वतःच्या तान्ह्या मुलाच्या हत्येचा आरोप आहे. तिची कर्मकहाणी ऐकता ऐकता न्यायाधीशाच्या ध्यानात येते, की आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असलेली ही कंगाल विधवा आपली सख्खी बहीण आहे. आणि अन्नासाठी आपल्या दारात आलेल्या याच स्त्रीला आपण ओळख न पटल्याने हाकलून दिले होते. न्यायाधीश मूर्च्छित होतो. पुढे तिच्या धाकट्या भावालाही न्यायालयात उभे करतात. देवळाच्या पुजाऱ्यावर प्राणघातक हल्ला केल्याचा आरोप त्याच्यावर आहे. तो गुन्हा नाकारत नाही. उलट आपल्या बहिणीला इथवर कोणी आणले, याचा हिशेब तो न्यायासनापुढे मांडू लागतो.

१७ ऑक्टोबर १९५२ रोजी, दिवाळीच्या मुहूर्तावर प्रदर्शित झालेल्या ‘पराशक्ती’ या तमिळ चित्रपटाचा हा शेवटचा भाग. तमिळ भाषकांच्या तीन पिढ्यांना यातले भावाचे भाषण तोंडपाठ असे. चित्रपटाचे संवाद पुस्तिकांतून आणि ध्वनिमुद्रिकांतून घरोघर गेले. नट होऊ इच्छिणारे तरुण पुढे कित्येक वर्षे याच भाषणावर आपली परीक्षा देत राहिले. चित्रपटाच्या इतिहासात ‘पराशक्ती’ची नोंद सहसा तीन कारणांसाठी होते: शिवाजी गणेशन यांचे पदार्पण, संवादलेखक म्हणून मु. करुणानिधी यांचे निर्विवाद यश आणि द्रविड मुन्नेत्र कळगम या पक्षाचे प्रभावी प्रचारसाधन. तिन्ही कारणे खरीच आहेत. परंतु त्यांतून एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. देव, धर्म आणि धनिक यांवर टीका करू पाहणाऱ्या एका पक्षाच्या लेखकाला आपले म्हणणे मांडण्यासाठी विस्कटलेल्या कुटुंबाची आणि फौजदारी खटल्याची गरज का पडावी? सभा होती, वृत्तपत्र होते, पत्रक होते. मग हाच साचा का?

माझे म्हणणे असे, की हा साचा करुणानिधींनी शोधलेला नाही. तो तमिळ साहित्याच्या फार जुन्या थरातून त्यांच्याकडे आला. आणि ‘पराशक्ती’चे सामर्थ्य जसे या वारशात आहे, तशीच त्याची माघारही, त्या वारशाशी ताडून पाहिले, तरच नीट दिसते.

२

आधी कथानक आणि त्यामागचा इतिहास पाहू. कथा १९४२ च्या सुमारास घडते. मदुराईच्या माणिक्कम पिळ्ळै यांचे तीन मुलगे रंगूनमध्ये आहेत. थोरला चंद्रशेखरन वकील, मधला ज्ञानशेखरन, धाकटा गुणशेखरन. बहीण कल्याणी मदुराईला वडिलांजवळ. तिचे लग्न ठरते. पण युद्धामुळे जहाजांची ये-जा विस्कळीत झालेली, एकच तिकीट मिळते. गुणशेखरन एकटा निघतो आणि त्याचे जहाज वेळेवर पोचत नाही. इकडे लग्न होते. कल्याणीच्या बाळंतपणाच्या दिवशीच तिचा नवरा अपघातात जातो, त्या धक्क्याने वडीलही जातात. घर सुटते. कल्याणी रस्त्यावर खाद्यपदार्थ विकू लागते. मद्रासला उतरलेला गुणशेखरन तिथेच लुबाडला जातो आणि बहिणीपुढे रित्या हाताने कसे उभे राहायचे, म्हणून वेड्याचे सोंग घेऊन तिच्या आसपास वावरतो. तिकडे ब्रह्मदेशावर बॉम्ब पडतात. चंद्रशेखरन सुखरूप परततो आणि तिरुच्चीला न्यायाधीश होतो. ज्ञानशेखरन पाय गमावून भिकाऱ्यांत जाऊन पडतो आणि त्यांचीच संघटना बांधतो.

आज ही योगायोगांची मालिका भडक वाटू शकते. परंतु १९५२ च्या प्रेक्षकाला ती तशी वाटली नसावी. १९३१ च्या जनगणनेनुसार ब्रह्मदेशात दहा लाखांहून अधिक भारतीय होते आणि रंगूनच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक वाटा त्यांचा होता. त्यांत तमिळ मजूर होते, कारकून होते, आणि नाट्टुक्कोट्टै चेट्टियार सावकारही होते. १९३० नंतरच्या मंदीत कर्जे बुडाली, तेव्हा दक्षिण ब्रह्मदेशातील भातशेतीचा सुमारे चौथा हिस्सा या सावकारांच्या हाती आला होता. २३ डिसेंबर १९४१ रोजी रंगूनवर जपानी बॉम्ब पडले, मार्च १९४२ मध्ये शहर पडले. चार ते पाच लाख भारतीय जहाजाने, आणि बहुतेक जण पायी, डोंगर-जंगले तुडवीत परतले. हजारो वाटेतच मेले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये जपानी आक्रमणाच्या भीतीने खुद्द मद्रास शहर रिकामे होऊ लागले, सरकारी कचेऱ्या आतल्या गावांत हलवल्या गेल्या. दहा वर्षांपूर्वी ज्यांची घरे अशी उधळली होती, त्यांच्यासमोर हा चित्रपट आला. एक भाऊ न्यायाधीश आणि दुसरा भिकारी, ही त्यांच्या दृष्टीने नाट्यमय अतिशयोक्ती नव्हती. असे घडलेले त्यांनी पाहिले होते.

ज्या एव्हीएम स्टुडिओत ‘पराशक्ती’ तयार झाला, त्याचे संस्थापक ए. व्ही. मेय्यप्पन हे स्वतः चेट्टियार समाजातले, कारैक्कुडीचे. युद्धकाळात त्यांचा स्टुडिओही कारैक्कुडीला होता. तेव्हा ब्रह्मदेशाची पार्श्वभूमी ही लेखकाच्या आणि निर्मात्यांच्या सभोवतालची, ताजी आठवण होती. मूळ नाटक पावलर बालसुंदरम यांचे; निर्मिती पी. ए. पेरुमाळ यांच्या नॅशनल पिक्चर्सची, एव्हीएमच्या सहकार्याने, दिग्दर्शक कृष्णन-पंजू. करुणानिधी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते.

३

आता वारशाकडे वळू. इळंगो अडिगळ यांचे ‘शिलप्पदिकारम’ हे तमिळमधील आद्य महाकाव्यांपैकी एक. त्याच्या काळाविषयी मतभेद आहेत, तरी बरेच अभ्यासक ते पाचव्या शतकाच्या आसपासचे मानतात. यात देवादिकांचे युद्ध नाही, राजपुत्राचा वनवास नाही. आहे ते एका व्यापारी कुटुंबाचे दिवाळे. पुहार नगरीचा कोवलन नर्तकी माधवीच्या पायी संपत्ती घालवून पत्नी कण्णगीकडे परततो. दोघे नव्याने संसार उभा करण्यासाठी मदुराईला जातात. भांडवल एकच, कण्णगीच्या पायातले पैंजण. ते विकायला गेलेल्या कोवलनवर एक सोनार राणीचे पैंजण चोरल्याचा आळ घेतो. चोर खरे तर तो सोनारच. पांड्य राजा चौकशी न करता देहदंड देतो.

आणि मग कण्णगी राजसभेत येते. तिच्या हातात दुसरे पैंजण आहे. राणीच्या पैंजणात मोती आहेत, माझ्या पैंजणात माणके, असे सांगून ती ते सभेत फोडते. माणके उसळतात. आपणच चोर ठरलो हे उमजून राजा जागच्या जागी कोसळून मरतो. कण्णगीचा क्रोध तेवढ्याने शमत नाही, मदुराई जळते. पुढे ती देवता होते, चेर राजा तिची मूर्ती स्थापतो.

हा प्रसंग तमिळ कल्पनाविश्वात किती खोल रुजला आहे, हे सांगण्यास साहित्याच्या विद्यार्थ्यांना दाखल्यांची गरज पडू नये. उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी १८९२ साली या काव्याची संपादित प्रत छापली, आणि पन्नास वर्षांनी, म्हणजे ‘पराशक्ती’च्या कथेतले जे वर्ष त्याच १९४२ साली, ज्युपिटर कंपनीचा ‘कण्णगी’ हा चित्रपट आला. इळंगोवन यांच्या संवादांनी तो गाजला. तमिळ चित्रपटातील संवाद ही कानाने अनुभवण्याची साहित्यकृती होऊ शकते, ही जाणीव प्रथम तिथे झाली असे म्हणतात. करुणानिधी याच वळणाचे पुढचे लेखक. ‘पराशक्ती’पूर्वी, १९५० साली, त्यांनी ‘मंदिरिकुमारी’चे लेखन केले. तेही ‘कुंडलकेशी’ या महाकाव्याच्या कथेवर उभे आहे, आणि त्या कथेतही दरोडेखोर नवऱ्याला कड्यावरून लोटणारी पत्नीच आहे. १९६४ साली त्यांनी ‘पूम्पुहार’ लिहिला, तो तर साक्षात ‘शिलप्पदिकारम’.

मध्यावर ‘पराशक्ती’ येतो. कण्णगीचे नाव त्याच्या श्रेयनामावलीत नाही, कथासाराच्या पुस्तिकांतही सहसा येत नाही. पण सांगाडा तोच आहे. उद्ध्वस्त झालेले घर, मदुराई नगरी, पतीवाचून निराधार स्त्री, न्यायासनासमोर तिचे उभे राहणे, आणि तिचे बोल ऐकून न्यायासनावरील पुरुषाचे कोसळणे. पांड्य राजा मरतो, न्यायाधीश चंद्रशेखरन मूर्च्छित होतो. फिर्यादीला जो निवाडा करायचा, तोच अपराधी निघतो, ही कल्पना दोन्हीकडे एकच आहे. ‘गुन्हेगार कोण?’ हे शोधणारी ही कथा नव्हे. गुन्हा ठरवणाऱ्या आसनालाच आरोपीच्या जागी आणणारी ती कथा आहे. द्रविड चळवळीला हवे होते ते नेमके हेच. म्हणून सभेतील भाषणापेक्षा खटला अधिक उपयोगी. भाषणात वक्ता आरोप करतो. खटल्यात आरोपी आरोप करतो, आणि कायद्यानेच त्याला बोलण्याची मुभा दिलेली असते.

४

या ठिकाणी महाराष्ट्रातील वाचकाला जवळचा वाटेल असा एक धागा आहे. विळुप्पुरम येथे १९२८ साली जन्मलेल्या गणेशन यांना ‘शिवाजी’ हे नाव मिळाले ते सी. एन. अण्णादुराई यांच्या शिवराज्याभिषेकावरील नाटकामुळे. त्यात गणेशन यांनी महाराजांची भूमिका केली. १९४६ साली ती पाहून पेरियार ई. व्ही. रामसामी यांनी त्यांना ‘शिवाजी’ म्हटले आणि ते नाव कायमचे चिकटले. या नाटकात गागाभट्टांची भूमिका स्वतः अण्णादुराई करीत. त्याचा रोख राज्य मिळवण्याच्या पराक्रमावर नाही. मिळवलेल्या राज्याला मान्यता कोणी द्यायची, यावर आहे. तलवारीने जिंकलेला राजा पुरोहिताच्या निवाड्यासाठी ताटकळतो. महात्मा फुले यांनी १८६९ साली रचलेल्या पोवाड्यातून कुळवाड्यांचा राजा म्हणून जो शिवाजी उभा केला, त्याची आठवण इथे होणे स्वाभाविक आहे. अण्णादुराईंपर्यंत फुले कितपत पोचले होते, हा वेगळ्या संशोधनाचा विषय. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की ‘पराशक्ती’तल्या पिंजऱ्यात उभे राहण्यापूर्वी गणेशन रंगभूमीवर अशाच एका न्यायसभेत उभे राहून आले होते.

करुणानिधींची संवादभाषा या नटासाठीच घडली असावी असे वाटते. ‘अडुक्कुमोळी’, म्हणजे थरावर थर चढवीत जाणारी, अनुप्रासांची, समतोल खंडांची भाषा. तिच्यात संस्कृत शब्द शक्य तिथे टाळलेले, शुद्ध तमिळचा आग्रह. वाक्य संपते असे वाटताच ते दुसरे वळण घेते, आणि श्रोता पुढच्या यमकाची वाट पाहू लागतो. शिवाजी गणेशन श्वास न तुटू देता हे खंड पेलतात, आवाज खालून वर नेतात, मध्येच कोरडे हसतात. कृष्णधवल चौकटीत कॅमेरा फारसे काही करीत नाही, तो ऐकतो. दृश्यमाध्यमाचे निकष लावून या प्रसंगाला ‘नाटकी’ म्हणणारे समीक्षक त्याच्या मुळाशी असलेली गोष्ट विसरतात. कण्णगीने राजसभेत केले तेही भाषणच होते, आणि पुरावा म्हणून तिने हातातली वस्तू फोडून दाखवली होती. गुणशेखरनकडे फोडायला पैंजण नाही. त्याच्या हाती भाषा आहे, आणि तो तीच पुरावा म्हणून वापरतो.

या भाषेने व्हायचा तो परिणाम झाला. देवळातील पुजाऱ्याने देवीच्या समोर निराधार स्त्रीवर हात टाकावा आणि देवी मूक राहावी, हे दाखवणाऱ्या चित्रपटाचे नावच देवीचे. तक्रारी झाल्या, बंदीची मागणी झाली. मद्रास राज्यात तेव्हा चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. १९४९ साली स्थापन झालेला द्रमुक पक्ष १९५२ च्या निवडणुकीत उतरलाही नव्हता. तरीही चित्रपट चालू राहिला आणि कित्येक गावांत महिनोन्‌महिने चालला. एम. एस. एस. पांडियन यांनी १९९१ साली या चित्रपटाच्या जीवनकथेवर लिहिलेला निबंध या वादाचे स्वरूप समजून घेण्यासाठी आजही वाचावा असा आहे.

५

इथपर्यंत वारशाची गोष्ट झाली. आता माघारीची.

‘शिलप्पदिकारम’मध्ये कोवलन मेलेला असतो. कण्णगीच्या युक्तिवादाने तो परत येत नाही. राजाने चूक कबूल केली, प्राण सोडला, तरी झालेला अन्याय भरून येत नाही. म्हणून नगर जळते. ‘पराशक्ती’त काय होते? खटला ऐन रंगात असताना विमला ही गुणशेखरनला सामाजिक जाणीव देणारी तरुणी न्यायालयात येते. तिच्या हातात कल्याणीचे मूल आहे. पुलावरून नदीत टाकलेले ते मूल पाण्यात न पडता विमलाच्या नावेत पडले होते. खून झालेलाच नाही. दोन्ही आरोपी सुटतात, भावंडे एकत्र येतात, वर्गणी गोळा करीत फिरणारा लंगडा ज्ञानशेखरनही त्यांना येऊन मिळतो, गुणशेखरन आणि विमलाचे लग्न होते. शेवटी हे कुटुंब निराधारांसाठी आश्रम उघडते.

प्रेक्षकाला दिलासा हवा होता, सेन्सॉर होते, निर्मात्याची गुंतवणूक होती, हे सगळे मान्य. तरी या शेवटाची किंमत काय, हे विचारले पाहिजे. उपासमारीने आईला मूल नदीत टाकायला लावले, हा ज्या समाजावरचा आरोप होता, तो समाज एका नावेच्या योगायोगाने सुटतो. न्यायालयाला कायद्याच्या क्रूरतेविषयी काहीच ठरवावे लागत नाही, कारण ठरवण्याजोगा गुन्हाच उरत नाही. आणि न्यायाधीश हादरतो तो आरोपी स्त्री आपली बहीण निघाली म्हणून. ती कोणाचीच बहीण नसती तर? चंद्रशेखरनने दारातून हाकललेली प्रत्येक भिकारीण काही त्याची बहीण नव्हती. कुटुंबाची चौकट वापरून समाजावर खटला भरणे सोपे गेले. पण त्याच चौकटीने निकाल रक्ताच्या नात्यावर आणून सोडला. मदुराईच्या आगीची जागा आश्रमाच्या उद्घाटनाने घेतली.

दुसरी माघार अधिक सूक्ष्म आहे, आणि ती चित्रपटाइतकीच आपल्या स्मृतीचीही आहे. न्यायालयात कल्याणीही बोलते. मुलाला नदीत का टाकले, हे ती सांगते, आणि न्यायाधीश कोसळतो तो तिच्या बोलण्याने. श्रीरंजनी यांनी ही भूमिका केली आहे. कण्णगीच्या जागी खरी तीच. परंतु लोकांनी पाठ केले ते भावाचे भाषण. वक्तृत्वाच्या स्पर्धांत गेले ते तेच. महाकाव्यात स्त्रीच्या तोंडी असलेली फिर्याद आधुनिक चित्रपटात भावाकडे गेली आणि स्त्री त्या फिर्यादीचा विषय झाली. परंपरेचे असे लिंगांतर होताना फारशी खळखळ झाली नाही, हे विशेष. भावाचे रक्षण, बहिणीची अब्रू, या भावना इतक्या परिचित होत्या, की फिर्याद कोणाच्या मुखातून हिरावली गेली हे कोणाला जाणवलेच नाही.

६

दोनच वर्षांनी याच स्टुडिओतून ‘अंद नाळ’ (‘तो दिवस’) हा चित्रपट बाहेर पडला. १९५४ सालचा हा चित्रपट वीणावादक एस. बालचंदर यांनी दिग्दर्शित केला. त्यात एकही गाणे नाही, आणि त्या काळच्या तमिळ प्रेक्षकाला हा धक्काच होता. पुन्हा युद्धकाळ, पुन्हा एक कुटुंब, पुन्हा शिवाजी गणेशन. ऑक्टोबर १९४३ मध्ये मद्रासवर जपानी विमानाने बॉम्ब टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी राजन हा रेडिओ अभियंता घरात गोळी लागून मेलेला सापडतो. भाऊ, भावजय, शेजारी, नर्तकी, एकेक जण पोलिसांपुढे आपापली हकीगत सांगतो आणि संशय दुसऱ्यावर ढकलतो. अखेर कळते ते असे, की राजन जपानचा हेर होता आणि गोळी त्याच्या पत्नीच्या, उषाच्या हातून सुटली. ‘पराशक्ती’त विमला झालेल्या पंढरीबाईच इथे उषा आहेत.

हे दोन चित्रपट शेजारी ठेवले, की गुन्ह्याची दिशा कशी फिरली ते दिसते. ‘पराशक्ती’त कुटुंब निष्पाप आहे आणि बाहेरचे जग गुन्हेगार, घर जपले की न्याय झाला. ‘अंद नाळ’मध्ये गुन्हा घरातच दडला आहे आणि देशासाठी घर मोडावे लागते. शासनाच्या न्यायासनाला इथे कोणी जाब विचारत नाही. जाब द्यायचा तो कुटुंबाने. योजनांच्या, नव्या राज्यघटनेच्या त्या वर्षांत तमिळ चित्रपटाने ही दोन उलट उत्तरे जवळजवळ एकाच वेळी दिली. व्यावसायिक यश पहिल्या उत्तराला मिळाले, दुसऱ्याच्या वाट्याला मुख्यतः समीक्षकांची दाद आली. एका बाबतीत मात्र ‘अंद नाळ’ पुढे आहे. त्याने अखेरचे निवेदन स्त्रीच्या मुखी परत दिले.

७

१९६८ साली मद्रासमध्ये जागतिक तमिळ परिषद भरली, तेव्हा अण्णादुराई मुख्यमंत्री होते. त्या निमित्ताने मरीना किनाऱ्यावर कण्णगीचा पुतळा उभारण्यात आला. डिसेंबर २००१ मध्ये तो हलवण्यात आला. त्यावरून मोठे वादळ उठले आणि २००६ साली मुख्यमंत्री करुणानिधी यांनी तो पुन्हा जागेवर बसवला. हात पुढे करून, पैंजण उंचावून ती उभी आहे. महाकाव्यातील एका फिर्यादी स्त्रीवरून आधुनिक राजकारणात असे रण माजावे, ही साहित्याच्या जिवंतपणाची खूणच म्हणायची. करुणानिधी २०१८ साली निवर्तले. त्यांच्या दीर्घ राजकीय जीवनाच्या आरंभी ‘पराशक्ती’ आहे, आणि उत्तरार्धात हे पैंजण.

वर्गात ‘पराशक्ती’ शिकवायचा झाला, तर गुणशेखरनचे भाषण लावण्याआधी कल्याणीची साक्ष ऐकवावी असे मला वाटते. ती तुटक आहे, तिच्यात अनुप्रासांचे मनोरे नाहीत. ती ऐकून झाल्यावर विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे: विमलाची नाव त्या दिवशी पुलाखाली नसती, तर या न्यायालयाने काय निकाल दिला असता?